नऊ माणसं कुठून आणायची?

मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा सुट्टीला तळोद्याला आला होता. धुळ्याला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवणं झाली, लाईट गेलेली होती, आम्ही अंगणात खाटा टाकून बसलो होतो. बोलता बोलता तो म्हणाला, "मामू, आपल्याकडे ज्यूरी परत आणली पाहिजे. न्यायाधीश एकटा, तोही बदलीवर आलेला. त्याला इथल्या माणसांचं काय माहीत? लोकांचा न्याय लोकांनीच करावा."

मी विचारलं, "नऊ माणसं कुठून आणशील?"

"म्हणजे काय? इथूनच. तळोद्यातूनच."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. पण तळोद्यातल्या नऊ माणसांनी केलेला एक न्याय मी पाहिलेला आहे. पाहिलेला कशाला, त्या नवांत मी स्वतः होतो. तो किस्सा मी त्या रात्री भाच्याला सांगितला नाही. आज इथे लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. त्याच्याकडे डोंगराकडच्या एका पाड्यावरचा पोरगा सालदार होता. अठरा-एकोणीस वर्षांचा, बोलायला बुजरा. संध्याकाळी टपरीवर आम्ही नेहमीची मंडळी जमलो होतो. त्यात कापड दुकानदार होता, दोन शिक्षक होते, एक खताचा व्यापारी, एक रिटायर झालेले तलाठी. आणि मी. अर्धा चहा संपायच्या आत निकाल लागला. रात्री शेतावर कोण असतं? तोच. मोटरीतली तांब्याची तार कुठे विकायची हे कोणाला माहीत? त्यालाच. शिवाय हे लोक असेच, असं एकजण म्हणाला आणि कोणी हरकत घेतली नाही. मीही मान डोलावली.

पोलिसात तक्रार झाली नाही. नुसतं मालकाने त्याला काढून टाकलं आणि गावात दुसऱ्या कोणी कामावर घेतलं नाही. पोरगा ऊसतोडीला गुजरातकडे निघून गेला. सात-आठ महिन्यांनी कळलं की मोटर मालकाच्याच एका नातलगाने उधारी फेडायला विकली होती. टपरीवर ही बातमी आली त्या दिवशी आम्ही सगळे होतो. कोणी काही बोललं नाही. विषय पावसावर गेला.

मला त्या रात्री झोप लागली नाही, ती एका वेगळ्या कारणाने. "हे लोक असेच" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण आमच्याबद्दल. भाड्याने घर बघताना ऐकलंय, प्रवासात शेजारी बसलेल्याच्या तोंडून ऐकलंय, कुठे बॉम्ब फुटला की दुसऱ्या दिवशीच्या गप्पांत ऐकलंय. ज्याला या वाक्याचा चटका माहीत आहे त्यानेच त्या दिवशी मान डोलावली. चोरीचा किरकोळ खटला ज्यूरीपुढे कधी जात नसे हे मला माहीत आहे. पण खुनाचा खटला असता तरी माणसं तीच बसली असती.

म्हणून ज्यूरीचा विषय निघाला की मला पहिला प्रश्न पडतो तो निवडीचा. निकाल काय लागला हे नंतर. खुर्च्यांवर कोण बसलं, त्यांना कोणी बसवलं आणि कोण बाहेर राहिलं, हे आधी.

आपल्या मराठी मुलखात याचा सगळ्यात मोठा दाखला लोकमान्य टिळकांचा आहे. शाळेत आपण शिक्षा शिकतो, ज्यूरी शिकत नाही. 1897 साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला तेव्हा नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियन होते आणि तीन हिंदी. निकाल लागला सहा विरुद्ध तीन. 1908 साली 'केसरी'तल्या लेखांवरून दुसरा खटला झाला. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल लागला सात विरुद्ध दोन. दोन्ही वेळा मतांची फूट अगदी गोऱ्या-काळ्याच्या रेषेवर पडली. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की वकिलांची भाषणं वाचायची गरजच उरत नाही. निकाल यादीतच लिहिलेला होता.

आणि यात बेकायदेशीर काही नव्हतं, ही खरी गोष्ट आहे. 1908 चा खटला स्पेशल ज्यूरीपुढे चालला. स्पेशल ज्यूरीची यादी तयार करताना माणसाची मालमत्ता, चारित्र्य आणि शिक्षण पाहायचं, असं कायद्यात होतं. ऐकायला किती छान वाटतं! पण त्या काळच्या मुंबईत मालमत्ता आणि इंग्रजी शिक्षण पाहून यादी केली की ती कोणाच्या नावांनी भरणार? टिळकांच्या बाजूने जोसेफ बॅप्टिस्टांनी स्पेशल ज्यूरीला विरोध केला होता. मुद्दा सरळ होता: लेख मराठीत आहेत आणि अशा ज्यूरीत मराठी न जाणणाऱ्या युरोपियनांचाच भरणा होणार. तो मानला गेला नाही. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात एखाद्या ज्यूररला भाषा कळत नसेल तर हरकत घेता येत असे. पण पुरावा ज्या भाषेत भाषांतर करून सांगितला जातो ती भाषा त्याला येत असली की पुरे. म्हणजे मराठी लेखाचा गुन्हा इंग्रजी भाषांतरावरून ठरवायचा. भाषांतरात लेखाची धार बदलली आहे, शब्द भडक झाले आहेत, हे टिळक स्वतः ज्यूरीपुढे उभे राहून दिवसेंदिवस सांगत होते. ऐकणाऱ्या सातांना मूळ शब्द वाचताच येत नव्हता. 22 जुलै 1908 ला सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि टिळक मंडालेला गेले.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे प्रत्येक आरोपीला त्याच्या जातीधर्माचे ज्यूरर द्या, प्रश्न मिटला. इंग्रजांनी स्वतःसाठी नेमकं हेच करून घेतलं होतं. हिंदी न्यायाधीशाने युरोपियन आरोपीचा खटला चालवू नये म्हणून 1883 मध्ये इल्बर्ट बिलाविरुद्ध केवढा गदारोळ झाला. शेवटी 1884 मध्ये तडजोड निघाली की युरोपियन आरोपीला निम्मे तरी ज्यूरर युरोपियन किंवा अमेरिकन मागता येतील. आपल्या माणसाला आपलीच माणसं हवीत, हा हक्क सत्ता असलेल्यांनी आधी घेतला. पण याच टिळकांच्या खटल्यांत दुसरीही एक बाजू दिसते, आणि ती मला फार मोलाची वाटते.

1897 मध्ये टिळकांचा जामीन आधी पार्सन्स आणि रानडे यांच्या खंडपीठाने नाकारला. रानडे म्हणजे आपले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. नंतर जामीन दिला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी. त्या अर्जासाठी टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी हेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीत होते. तेव्हा टिळकांच्या जामिनासाठी त्यांच्यापुढे युक्तिवाद केला बॅरिस्टर महंमद अली जीनांनी. दावरांनी तो फेटाळला आणि पुढे सहा वर्षांची शिक्षाही त्यांनीच सुनावली. दावर पारशी होते. ज्या दोन ज्यूररांनी टिळकांना निर्दोष ठरवलं तेही पारशीच होते.

आता सांगा, धर्म पाहून कोण काय करेल हे ओळखता आलं असतं का? नसतं. मराठी ब्राह्मण न्यायाधीशाच्या खंडपीठाने नाकारलं ते बोहरा मुसलमान न्यायाधीशाने दिलं. एक पारशी शिक्षा देतो, दोन पारशी सुटका मागतात. एकेक माणूस घेतला तर तो जातीचा गुलाम नसतो. पण यादीच एका बाजूने वाकवली तर या सुट्या माणसांचं चांगुलपण मतमोजणीत हरतं. माणसावर भरवसा ठेवावा, पण यादी तपासूनच घ्यावी, इतकंच मी यातून शिकलो.

या गोष्टीचा शेवटही सांगण्यासारखा आहे. 1956 साली मुंबई उच्च न्यायालयात, ज्या दालनात टिळकांवर खटला चालला तिथे त्यांचे उद्गार कोरलेली संगमरवरी पाटी लावली गेली. ज्यूरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोषच आहे, हे ते उद्गार. पाटीचं अनावरण केलं तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी. आपल्याच न्यायालयाने केलेल्या अन्यायाची कबुली त्यांनी त्या प्रसंगी दिली. आमच्या पोरांना तय्यबजी आणि छागला ही दोन नावं ठाऊक असावीत असं मला वाटतं. "तुम्ही लोक" आणि "आम्ही लोक" या भाषेला ती चांगलं उत्तर आहेत.

ज्यूरी गोऱ्यांची होती म्हणून बिघडली, आपली असती तर ठीक चालली असती, असं समजायचं असेल तर तीनच वर्षांनी मुंबईतच नानावटी खटला झाला. नौदलाचे कमांडर कावस नानावटींनी 27 एप्रिल 1959 ला प्रेम आहुजांना गोळ्या घालून मारलं. मारल्यावर स्वतः पोलिसांत हजर झाले. ज्यूरी सगळी स्वतंत्र भारताची. तिने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीश मेहतांना हा निकाल पुराव्याला सोडून वाटला आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, नोव्हेंबर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली.

खटला चालू असताना 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींना नायक करून टाकलं होतं. एक पांढऱ्या गणवेशातला देखणा अधिकारी, फसवला गेलेला नवरा. दुसरा चैनी, बायकांच्या मागे लागणारा, आणि आता बोलायला जिवंत नसलेला. ज्यूरर संध्याकाळी घरी जात, पेपर वाचत, शेजाऱ्यांशी बोलत. नऊ खुर्च्यांवर नऊ माणसं होती, पण त्यांच्या मागे अख्खी मुंबई उभी होती. ज्यूरर निवडताना नात्यागोत्याचा माणूस गाळता येतो. हवेतच पसरलेला कल कसा गाळणार?

नानावटी खटल्यामुळे ज्यूरी बंद झाली आणि तो शेवटचा ज्यूरी खटला होता, असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. कायदा आयोगाने ज्यूरी रद्द करण्याची शिफारस आधीच, 1958 मध्ये केली होती. आणि नानावटींच्या नंतरही देशात ज्यूरीपुढे खटले चालले. 1973 चा फौजदारी प्रक्रिया कायदा 1 एप्रिल 1974 पासून लागू झाला, त्यात ज्यूरीला जागा ठेवली नाही, तेव्हा ती पूर्ण संपली. आज आपल्याकडे तिचा एकच अवशेष उरला आहे. पारशी समाजाच्या घटस्फोटाच्या खटल्यांत न्यायाधीशाबरोबर समाजातले पाच डेलिगेट बसतात.

मग माझा भाचा चुकीचा बोलत होता का? पूर्ण नाही. त्याच्या बाजूचंही सांगायला हवं.

इंग्लंडमध्ये एके काळी मालमत्ता असेल त्यालाच ज्यूरीत बसता येई. ती अट 1970 च्या दशकात गेली. आज तिथे मतदारयादीतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी नावं काढतात. कारण न सांगता ज्यूरर नाकारण्याचा आरोपीचा हक्कही 1988 च्या कायद्याने काढून घेतला. 2017 मध्ये डेव्हिड लॅमी यांनी तिथल्या न्यायव्यवस्थेतल्या वांशिक भेदभावाचा आढावा घेतला. पोलीस, तुरुंग, शिक्षा या सगळ्यांवर त्यांनी बोट ठेवलं, पण ज्यूरीचे निकाल मात्र एकंदर निःपक्ष असल्याचं नोंदवलं. यादी सरळ असली की सामान्य माणसं एकत्र बसून सरळ निर्णय देऊ शकतात, एवढं त्यातून मानायला हरकत नाही.

अमेरिकेत उलटं दिसतं. तिथे दोन्ही बाजूंना कारण न देता काही ज्यूरर नाकारता येतात. केवळ वर्णावरून कोणाला नाकारता येणार नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये बॅट्सन खटल्यात सांगितलं. तरी मिसिसिपी राज्यात कर्टिस फ्लॉवर्स या काळ्या माणसावर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालला, आणि त्या सहा वेळांत मिळून सरकारी वकिलाने 42 पैकी 41 काळे ज्यूरर नाकारले. प्रत्येक वेळी काही ना काही कारण दाखवलेलं होतंच. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पुढच्या वर्षी आरोप मागे घेतले गेले. तोवर त्याची वीसहून जास्त वर्षं तुरुंगात गेली होती. कायदा कागदावर होता, कारणंही कागदावर होती.

आता परत तळोद्याला येऊ. समजा उद्या इथल्या मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून नऊ नावं काढली. सातपुड्याच्या पायथ्याचा आमचा तालुका, बहुसंख्य लोक भिल्ल आणि पावरा. नऊतली बरीच नावं पाड्यांवरची निघतील. खटला महिनाभर चालला, तर रोजंदारीवरचा माणूस महिनाभर बाकावर बसू शकेल का? ऊसतोडीला गेलेला परत येईल का? दूध पिणारं लेकरू घेऊन बाई येईल का? नाही. एकेक करून ते अर्ज देतील, सूट मागतील, आणि उरतील ते कोण? कापड दुकानदार, शिक्षक, खताचा व्यापारी, रिटायर झालेले तलाठी. आणि मी. 1898 च्या कायद्यात तर ज्यूरर होण्यासाठी पुरुष असण्याचीच अट होती. आज तशी अट कोणी लिहिणार नाही. ती आपोआप लागू होईल. कोणाच्याही मनात पाप नसताना टपरीवरचीच बैठक न्यायालयात भरेल.

भाषेचं तर विचारूच नका. या तालुक्यात भिली बोलतात, पावरी बोलतात, अहिराणी, गुजरी, आमच्या मोहल्ल्यात उर्दू. न्यायालयात मराठी आणि वर इंग्रजी. टिळकांना भाषांतराची अडचण आली तेव्हा ते स्वतः कायदा जाणणारे, इंग्रजीत तासन्‌तास बोलू शकणारे होते. पावरी बोलणाऱ्या आरोपीने "माझ्या बोलण्याचा अर्थ असा नव्हता" हे कोणत्या भाषेत सांगायचं?

पण एक प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे. ज्यूरी गेली म्हणून पूर्वग्रह गेला असं झालेलं नाही. 8 सप्टेंबर 2006 ला मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी मशिदीजवळ आणि कब्रस्तानात बॉम्बस्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान. पकडले गेले तेही नऊ मुसलमानच. त्यांना जामीन मिळायला 2011 उजाडलं आणि दोषमुक्त व्हायला 2016. तोवर एकजण हयात नव्हता. तिथे ज्यूरी कुठे होती? पण त्या दिवसांत चौकाचौकांत, पेपरांत, टीव्हीवर निकाल लागलेला होता. मला स्वतःला अनेकदा वाटतं, या नऊ जणांना 2006 च्या महाराष्ट्रातली ज्यूरी मिळाली असती तर काय झालं असतं? विचार करून अंगावर काटा येतो. एकट्या न्यायाधीशापुढे निदान एक गोष्ट होती. त्याला आपल्या निकालाची कारणं लिहून द्यावी लागतात. ज्यूरी फक्त "दोषी" किंवा "निर्दोष" म्हणते आणि उठून जाते. लिहिलेलं कारण वरच्या कोर्टात खोडता येतं. मनात ठेवलेलं कारण खोडता येत नाही. म्हणून ज्यूरी परत आणा या मागणीला माझा नकार आहे.

पण लोकांचा न्यायाशी संबंधच नको असं मी म्हणत नाही. आजही एका जागी सामान्य माणूस खटल्यात बसतोच: पंच म्हणून. पंचनाम्यावर सही करणारे दोन पंच कोण असतात? बघा जरा आपापल्या गावात. तीच ती ठरलेली नावं निघतात. किंवा कोणीतरी न वाचता सही करून येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सांगितलं आहे. चांगलं झालं. पण कॅमेरा पंचाची जागा घेऊ शकत नाही. पंच स्वतंत्र असावेत, त्यांना आरोपीची भाषा समजावी आणि ते दर वेळी वेगळे असावेत, ही मागणी कोणी का करत नाही? ज्यूरीची यादी तपासायची म्हणतो तशी पंचांची यादी तपासायला आज कोणाची हरकत आहे? आणि सातपुड्याकडच्या न्यायालयांत भिली-पावरीचे तयार दुभाषे असावेत, ही मागणी आपण, म्हणजे ज्यांना नीट मराठी येते त्यांनी, करायला हवी. ज्याला गरज आहे तो ती या भाषेत करू शकत नाही.

आमच्या समाजातल्या वाचकांना एक वेगळं सांगायचं आहे. आपल्यावर अन्याय झाला की आपण मोजतो, लिहितो, मोर्चा काढतो. ते केलंच पाहिजे. पण दुसऱ्याच्या खटल्यात आपण ज्यूरर असतो तेव्हा कसे वागतो हेही कधी मोजा. पाड्यावरच्या पोराबद्दल, झोपडपट्टीतल्या माणसाबद्दल, नवऱ्याला सोडून माहेरी आलेल्या बाईबद्दल आपण किती चहांत निकाल देतो?

दोन वर्षांनी तो पोरगा मला बसस्टँडवर दिसला. होळीला घरी आला होता, हातात नवीन बॅग, बरोबर बायको. त्याने मला ओळखलं आणि "काय चाचा, बरं आहे का?" म्हणून विचारलं. मी बरं आहे म्हणालो. मोटर सापडल्याचं त्याला कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही. माफीही मागितली नाही. अक्कलकुव्याची बस लागली आणि तो चढला.

भाचा पुढच्या सुट्टीत येईल तेव्हा ही गोष्ट त्याला सांगणार आहे. वकील होणाऱ्याला ती माहीत असलेली बरी.